व्हर्जिनियातील १६७६ चे बंड : असंतोषाची कारणमीमांसा

अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींच्या असंतोषाचा विचार करू लागले म्हणजे सामान्यतः १७६५ चा मुद्रांक-कायदा, १७७३ मध्ये बोस्टन बंदरात झालेली चहाची नासाडी आणि १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा हीच त्रयी डोळ्यांसमोर उभी राहते. त्यामुळे १७६३ पर्यंत वसाहतींतील प्रजा संतुष्ट होती आणि पार्लमेंटच्या करांनी ती अकस्मात बिथरली, असा एक समज अभ्यासक्रमांतील पुस्तकांनी दृढ करून ठेवला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. व्हर्जिनियात १६७६ साली, कॅरोलिनाच्या उत्तर भागात १६७७ साली, आणि बोस्टन, न्यूयॉर्क व मेरीलँड येथे १६८९ साली शस्त्रधारी प्रजेने राज्यकर्त्यांना पदच्युत केले किंवा पळवून लावले. यांपैकी पहिले, नॅथानिएल बेकन याच्या नावाने ओळखले जाणारे बंड हे सर्वांत मोठे, सर्वांत रक्तरंजित आणि अर्थ लावण्यास सर्वांत कठीण होय.

हा अर्थ लावण्यास एक चांगले साधन उपलब्ध आहे. बंड मोडल्यानंतर राजा दुसरा चार्ल्स याने चौकशीसाठी हर्बर्ट जेफ्रीज, सर जॉन बेरी आणि फ्रान्सिस मॉरिसन हे तीन आयुक्त व्हर्जिनियात पाठविले. त्यांनी १६७७ च्या आरंभी प्रत्येक काउंटीतील लोकांकडून त्यांची गाऱ्हाणी लेखी मागविली. ही गाऱ्हाणी आजही उपलब्ध आहेत. बंडखोरांच्या नेत्याने काढलेला जाहीरनामा एक सांगतो, गव्हर्नरची पत्रे दुसरे सांगतात, आणि काउंट्यांची गाऱ्हाणी तिसरेच सांगतात. या तिन्हींचा मेळ घालताना प्रथम तंबाखूकडे वळावे लागते, कारण त्या वसाहतीत तंबाखूवाचून दुसरे काहीच नव्हते म्हटले तरी चालेल.

जेम्सटाउन येथे १६०७ साली इंग्रजांनी ठाणे घातले. प्रारंभीची काही वर्षे उपासमार, रोगराई आणि मूळ रहिवाशांशी झगडे यांत गेली. त्यानंतर जॉन रोल्फ याने वेस्ट इंडीजकडील जातीच्या तंबाखूची लागवड यशस्वी केली आणि वसाहतीला जगण्याचे साधन मिळाले. तंबाखूचे पीक घेता घेता तंबाखू हेच तेथील चलन झाले. धर्मोपदेशकाचा पगार, दंडाची रक्कम, सरकारी पट्टी, सावकाराचे देणे, सारे तंबाखूच्या पौंडांत मोजले जाई. जेथे पीक हेच नाणे असते तेथे पिकाचा भाव पडला की माणसाचे उत्पन्न, त्याची बचत आणि त्याची पत ही तिन्ही एकाच वेळी घसरतात. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात चढा असलेला हा भाव १६६० नंतर पौंडास सुमारे एक पेनी आणि काही वर्षी त्याहूनही खाली गेला.

भाव पडण्याचे एक कारण अतिरिक्त उत्पादन हे होते. दुसरे कारण इंग्लंडचे नौकानयन कायदे. १६५१ च्या, आणि विशेषतः १६६० च्या कायद्याने वसाहतीतील तंबाखू इंग्रजी जहाजांतूनच व इंग्लंडच्या किंवा इंग्रजी वसाहतींच्या बंदरांतच नेण्याचे बंधन आले. तोपर्यंत डच व्यापारी अधिक भाव देऊन माल उचलीत व स्वस्त कापड देत. तो दरवाजा बंद झाला. १६६३ च्या कायद्याने युरोपातील मालही इंग्लंडमार्गेच येऊ लागला. म्हणजे विकताना एकच गिऱ्हाईक आणि घेताना एकच दुकानदार अशी व्हर्जिनियाच्या शेतकऱ्याची स्थिती झाली. शिवाय इंग्लंडमध्ये या तंबाखूवर पौंडामागे दोन पेन्स जकात होती. एक माणूस वर्षाकाठी साधारणतः हजार ते दीड हजार पौंड तंबाखू पिकवू शके. बाराशे पौंड धरले तर पेनीच्या भावाने त्याच्या पदरात पाच पौंड स्टर्लिंग पडत. त्याच मालावर राजाच्या खजिन्याची जकात दहा पौंड होई. जो माल पुन्हा परदेशी रवाना होई त्यावरील जकातीचा मोठा भाग व्यापाऱ्यास परत मिळे हे खरे. पण ती परतफेड लंडनच्या व्यापाऱ्याच्या हाती पडे, शेतकऱ्याच्या नव्हे.

या बाबतीत गव्हर्नर सर विल्यम बर्कली याला दोष देणे अन्यायाचे होईल. तो १६४२ ते १६५२ व पुन्हा १६६० पासून व्हर्जिनियाचा गव्हर्नर होता. ऑक्सफर्डला शिकलेला, नाटके लिहिणारा, राजनिष्ठ उमराव. १६६१ साली तो स्वतः लंडनला गेला आणि नौकानयन कायद्यांविरुद्ध त्याने मांडणी केली. १६६३ साली त्याचे व्हर्जिनियाविषयक पुस्तकही प्रसिद्ध झाले. रेशीम, ताग, पोटॅश अशी अन्य उत्पादने काढून तंबाखूवरील भिस्त कमी करावी हा त्याचा ध्यास होता. भाव वर यावा म्हणून एक वर्ष लागवडच बंद ठेवण्याचा करार १६६६ मध्ये मेरीलँड व कॅरोलिना यांच्याशी झाला, पण मेरीलँडचा धनी लॉर्ड बाल्टिमोर याने तो फेटाळला. पुढल्याच वर्षी, १६६७ मध्ये, डच आरमाराने नदीत शिरून तंबाखूची जहाजे जाळली व पकडली, आणि ऑगस्टमध्ये प्रचंड चक्रीवादळाने उभी पिके व घरे उद्ध्वस्त केली. १६७२-७३ च्या कडक हिवाळ्यात गुरे मोठ्या संख्येने मेली. १६७३ मध्ये डच आरमार पुन्हा आले. संकटांची ही मालिका कोणत्याही शासनाची परीक्षा पाहणारी होती.

परंतु संकट सोसणे आणि संकटात अन्याय सोसणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. काउंट्यांच्या गाऱ्हाण्यांत निसर्गाविषयी तक्रार जवळजवळ नाही. सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द पट्टी हा आहे. व्हर्जिनियातील मुख्य कर म्हणजे डोईपट्टी. सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषामागे, आणि काळ्या गुलाम स्त्रियांमागेही, ठरावीक पौंड तंबाखू कुटुंबप्रमुखाने भरावा लागे. वसाहतीची पट्टी, काउंटीची पट्टी आणि चर्चच्या विभागाची पट्टी अशा तीन पट्ट्या होत्या. दहा हजार एकरांचा धनी आणि पन्नास एकरांचा कुळंबी दोघेही डोक्यामागे सारखेच देत. जमिनीच्या प्रमाणात कर असावा ही सूचना विधिसभेत निघत असे. पण तेथे बसणारे बहुतेक मोठे जमीनदार असल्याने ती मागे पडे. कौन्सिलचे सभासद तर आपल्या घरच्या माणसांसह या पट्टीतून मुक्त होते. पट्टी ठरविणारे, तिची वसुली करणारे आणि तिच्यातून मेहनताना घेणारे हे एकाच वर्तुळातील लोक. वसूल झालेल्या तंबाखूचे काय झाले याचा हिशेब लोकांसमोर मांडला जात नसे. गाऱ्हाण्यांत पुनःपुन्हा मागणी येते ती या हिशेबाची. कर रद्द करा असे क्वचितच कोणी म्हणतो; कशासाठी घेतला ते दाखवा, असे मात्र बहुतेक सर्वजण म्हणतात.

बंडाच्या दोन-अडीच वर्षे आधी, डिसेंबर १६७३ मध्ये, सरी काउंटीतील लॉन्स क्रीक येथे चौदा माणसे चर्चच्या आवारात जमली आणि पट्टी भरावयाची नाही असा त्यांनी विचार केला. त्यांना पकडून दंड झाला. पुढे गव्हर्नरने तो माफ केला. पण शेजारच्या माणसांनी एकत्र बसून पट्टीची चर्चा करणे हाच गुन्हा ठरला, ही गोष्ट विसरली गेली नसावी.

याच सुमारास लंडनहून एक नवीच विपत्ती आली. दुसऱ्या चार्ल्सने १६७३ साली आर्लिंग्टन आणि कलपेपर या दोन मर्जीतील उमरावांस ३१ वर्षांच्या मुदतीने व्हर्जिनियातील जमिनीचा सारा व तत्सम अनेक हक्क सनदेने देऊन टाकले. या राजाच्या सनदा वाटण्याच्या हौसेशी महाराष्ट्राचाही संबंध आला होता. पोर्तुगीज राजकन्येबरोबर आंदण मिळालेले मुंबई बेट त्याने मार्च १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले, हे सर्वश्रुत आहे. मुंबईतील रहिवाशांना त्यावेळी कोणी विचारले नाही. व्हर्जिनियाच्या विधिसभेने मात्र ही सनद रद्द करून घेण्यासाठी व वसाहतीला नवी सनद मिळविण्यासाठी तीन वकील लंडनला धाडले. हेतू लोकहिताचा होता. पण त्याचा खर्च भागविण्यासाठी दोन वर्षे डोईमागे ५० पौंड तंबाखूची जादा पट्टी बसली. नेहमीच्या सर्व पट्ट्या मिळून शंभर पौंडांच्या वर जात असता त्यात ही भर पडली. परिणामी, ज्या प्रयत्नाने गव्हर्नरने प्रजेची कृतज्ञता मिळवावयाची, त्यानेच त्याच्याविषयीचा संशय वाढविला.

आता या पट्ट्या देणारा माणूस कोण होता हे पाहणे अवश्य आहे. सतराव्या शतकात व्हर्जिनियात आलेल्या इंग्रजांपैकी बहुसंख्य हे करारबद्ध सेवक म्हणून आले होते. प्रवासखर्चाच्या मोबदल्यात चार ते सात वर्षे धन्याच्या शेतावर राबावयाचे, आणि मग मोकळे व्हावयाचे. आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमीन मिळे, पण ती प्रवासखर्च देणाऱ्यास, म्हणजे धन्यास. सेवक येई तोच मुळी दुसऱ्याची जमीन वाढवीत. पहिल्या पिढीत निम्मेअधिक सेवक मुदत संपण्यापूर्वीच ज्वराने मरत, त्यामुळे मुक्त झालेल्यांस जमिनीची ददात नव्हती. १६५० नंतर मृत्यूचे प्रमाण हळूहळू उतरले आणि एक विचित्र स्थिती निर्माण झाली: जितके अधिक लोक जगले तितके अधिक लोक असंतुष्ट झाले. नदीकाठच्या, जहाज जेथे धक्क्याला लागू शके अशा जमिनी पूर्वीच बड्या लोकांनी घेतल्या होत्या. मुक्त झालेल्या सेवकापुढे दोनच मार्ग उरत: जमीनदाराचे कूळ होणे, किंवा सरहद्दीवर जाणे.

गव्हर्नरच्या १६७१ मधील अहवालाप्रमाणे वसाहतीची लोकसंख्या सुमारे ४०,००० होती. तीत ६,००० करारबद्ध सेवक व २,००० काळे गुलाम होते. याच अहवालात आपल्या प्रांतात मोफत शाळा व छापखाना नाही याबद्दल त्याने ईश्वराचे आभार मानले आहेत. सेवकांचे भय ही काल्पनिक गोष्ट नव्हती. सप्टेंबर १६६३ मध्ये ग्लॉस्टर काउंटीत काही सेवकांनी शस्त्रे हस्तगत करून स्वातंत्र्य मागण्याचा कट केला होता. त्यांच्यापैकीच एकाने तो फोडला. त्याला स्वातंत्र्य व ५,००० पौंड तंबाखू बक्षीस मिळाले, इतरांपैकी काहींना फाशी. मुक्त झालेल्यांचे भयही तितकेच होते. १६७० च्या कायद्याने जमीन किंवा घर नसलेल्या मुक्त पुरुषांचा मताधिकार काढून घेण्यात आला. तो काढून घेण्याची निकड काय होती हे समजणे कठीण आहे, कारण १६६१-६२ च्या सुमारास निवडलेली विधिसभा बर्कलीने बरखास्तच केली नव्हती; १६७६ पर्यंत ती तहकूब होत होत चालू राहिली. शेरीफ, काउंटीचे न्यायाधीश, शिबंदीचे कर्नल, जकातीचे अधिकारी या सर्व नेमणुका गव्हर्नरच्या हाती होत्या, आणि एकेक मनुष्य तीन-तीन पदे भोगीत असे.

असंतोषाची ही सामग्री दहा-पंधरा वर्षे साचत होती. तरीही तिने बंडाचे रूप घेतले नव्हते. ते घेतले सरहद्दीवरील युद्धाने, आणि या युद्धाच्या कहाणीतच बंडाचा खरा स्वभाव प्रकट होतो.

१६४६ मध्ये पोहॅटन जमातींचा पराभव झाल्यावर जो तह झाला त्यात यॉर्क नदीच्या उत्तरेकडील मुलूख मूळ रहिवाशांसाठी राखला होता. तीनच वर्षांत तो इंग्रजांच्या वस्तीस खुला झाला. पमंकी, रॅपहॅनॉक इत्यादी जमाती आता इंग्रजांच्या मांडलिक होत्या, त्यांच्या जमिनी चहूकडून शेतांनी वेढल्या होत्या, आणि इंग्रजांची मोकाट गुरे-डुकरे त्यांच्या कुंपण नसलेल्या मक्याच्या शेतांत शिरत. जुलै १६७५ मध्ये पोटोमॅक नदीवर डोएग जमातीतील काही लोकांनी, देण्याचा व्यवहार पुरा झाला नाही म्हणून, एका इंग्रजाची डुकरे नेली. पाठलागात काही डोएग मारले गेले. त्यांनी उलट एका गुराख्यास मारले. शिबंदी नदी ओलांडून मेरीलँडमध्ये घुसली आणि डोएगांबरोबर १४ सस्क्वेहॅनॉकही तिने ठार केले. सस्क्वेहॅनॉक हे इंग्रजांचे मित्र होते. इंग्रजांनी त्यांना ओळखलेच नाही. सप्टेंबरमध्ये दोन्ही वसाहतींच्या सुमारे एक हजार शिबंदीने सस्क्वेहॅनॉकांच्या गढीस वेढा घातला. बोलणी करण्यास बाहेर आलेल्या पाच सरदारांना ठार मारण्यात आले. व्हर्जिनियाच्या तुकडीच्या नेत्यांपैकी एक जॉन वॉशिंग्टन हा होता. पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा हा पणजोबा. वेढ्यातून निसटलेल्या सस्क्वेहॅनॉकांनी जानेवारी १६७६ मध्ये रॅपहॅनॉक नदीच्या वरच्या भागातील ३६ वसाहतवाल्यांचा वध केला.

सूड कोणाचा घ्यावयाचा हा आता प्रश्न झाला. सस्क्वेहॅनॉक पांगले होते व हाती लागत नव्हते. जवळ होते ते मित्र व मांडलिक. बर्कलीचे धोरण असे की मांडलिक जमातींना जपावे, त्या वसाहतीच्या संरक्षक भिंती आहेत. त्या दुखावल्या तर त्याच वर्षी न्यू इंग्लंडात चाललेल्या भीषण युद्धासारखे युद्ध येथेही पेटेल. त्याप्रमाणे मार्च १६७६ मध्ये विधिसभेने नद्यांच्या वरच्या भागांत गढ्या बांधून तेथे ५०० माणसे ठेवण्याचे ठरविले. शास्त्रशुद्ध दृष्टीने ही योजना अगदीच निरर्थक नव्हती. पण सरहद्दीवरील शेतकऱ्यास तीत तीन गोष्टी दिसल्या. हलक्या पावलांनी रानातून येणारा शत्रू गढी चुकवून येईल. गढ्यांसाठी पुन्हा पट्टी बसेल. आणि गढ्या बांधल्या जातील त्या बड्या लोकांच्या जमिनीवर, बांधकामाचा तंबाखू त्यांच्याच घरी जाईल. शिवाय जमातींशी कातड्यांचा व्यापार करण्याचा परवाना गव्हर्नरच्या मर्जीतील थोड्यांनाच मिळत असे. तेव्हा गव्हर्नर जमातींना वाचवितो तो आपल्या बीव्हरच्या कातड्यांसाठी, असा बोलबाला झाला. ही शंका सर्वस्वी खरी होती असे दिसत नाही. पण पंधरा वर्षे हिशेब न दाखविणाऱ्या शासनाच्या बाबतीत लोक अशी शंका घेतात तेव्हा तिचे मूळ शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

नॅथानिएल बेकन हा या शेतकऱ्यांपैकी नव्हता. १६४७ साली सफकमध्ये सुखवस्तू घराण्यात जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला हा तरुण १६७४ मध्ये व्हर्जिनियात आला, गव्हर्नरच्या पत्नीचा नातलग म्हणून त्याचा सत्कार झाला, आणि वर्षाच्या आत त्याला कौन्सिलात घेतले गेले. जेम्स नदीच्या वरच्या भागातील त्याच्या शेतावरचा देखरेख करणारा मनुष्य हल्ल्यात मारला गेला. एप्रिल १६७६ मध्ये जमलेल्या स्वयंसेवकांनी त्याला पुढारी केले. त्याने गव्हर्नरकडे युद्धाची सनद मागितली. ती न मिळताच तो निघाला. १० मे रोजी बर्कलीने त्याला बंडखोर ठरविले आणि त्याच वेळी जुनी विधिसभा बरखास्त करून नव्या निवडणुका पुकारल्या.

बेकनने पहिला पराक्रम कोणावर गाजविला हे पाहण्यासारखे आहे. रोअनोक नदीतील बेटावर राहणाऱ्या ऑकनीची जमातीने त्याच्या वतीने सस्क्वेहॅनॉकांच्या एका टोळीवर हल्ला करून ती जिंकून दिली. त्यानंतर लूट व कैदी यांवरून वाद निघाला, आणि बेकनच्या लोकांनी या मित्रांचीच कत्तल केली. सस्क्वेहॅनॉकांशी त्याची स्वतःची अशी मोठी लढाई कधी झालीच नाही. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो ज्यांच्यावर चालून गेला ते पमंकी तर मांडलिक आणि तहाने बांधलेले होते. त्यांची राणी कोकाकोएस्की हिने प्रतिकार न करता दलदलीच्या रानात आश्रय घेतला. तिची माणसे मारली व पकडली गेली. याच राणीला जूनमध्ये विधिसभेच्या समितीसमोर बोलावून सैनिक मागण्यात आले होते. तेव्हा तिने आपला पती टोटोपोटोमॉय याचे नाव घेऊन आक्रोश केल्याचे एका सभासदाने लिहून ठेवले आहे. तो १६५६ मध्ये इंग्रजांच्या बाजूने लढताना आपल्या अनेक योद्ध्यांसह पडला होता, आणि त्याबद्दल तिला काहीही मिळाले नव्हते.

जूनमधील घटना नाट्यपूर्ण आहेत, पण येथे त्यांचा विस्तार नको. बेकन नव्या सभेवर निवडून आला, पकडला गेला, क्षमा मागून सुटला, आणि २३ जून रोजी सुमारे ५०० शस्त्रधारी घेऊन परतला. सत्तरीतल्या बर्कलीने छाती उघडी करून गोळी झाडण्याचे आव्हान दिले. अखेर सभेच्या दडपणाने सनद लिहून दिली. याच सभेने ते प्रसिद्ध कायदे केले: सर्व मुक्त पुरुषांस पुन्हा मताधिकार, चर्चच्या पंचांची निवडणूक, शेरीफपदाची एका वर्षाची मर्यादा, एका व्यक्तीकडे अनेक पदे ठेवण्यास बंदी, कौन्सिल-सभासदांच्या करमाफीचा अंत. परंपरेने यांना बेकनचे कायदे म्हटले जाते. तथापि यांतील बहुतेक चर्चेच्या वेळी बेकन सभेत नव्हता, आणि त्याला त्यांत विशेष रस असल्याचा पुरावाही नाही. त्याला हवी होती ती युद्धाची सनद. ३० जुलैच्या त्याच्या जाहीरनाम्यात अन्यायी पट्ट्या व मर्जीतल्या लोकांची भरती यांबद्दल आरोप आहेत खरे, परंतु बर्कलीने जमातींचा पक्ष घेतला हा आरोप त्यात ठळकपणे वावरतो. म्हणजे नेता आणि अनुयायी यांची गाऱ्हाणी पूर्णपणे एक नव्हती. जेथे ती जुळत होती ते ठिकाण म्हणजे जमिनीची भूक, आणि ती भागविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जो कोणी मूळ रहिवासी समोर येईल त्याला शत्रू मानणे.

यानंतर बर्कली चेसापीक उपसागरापलीकडे पळाला, बेकनने १९ सप्टेंबर रोजी जेम्सटाउन जाळून टाकले, आणि २६ ऑक्टोबर रोजी तो अतिसाराने मरण पावला. दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या सेवकांना व गुलामांना स्वातंत्र्याचे आमिष दाखविले होते. त्यामुळे अखेरच्या महिन्यांत बंडाचा रंग पालटला. जमीनदार हळूहळू बाजूस झाले आणि ज्यांना परत जाण्यास जागा नव्हती ते सेवक व गुलाम शेवटपर्यंत उरले.

त्यांची शरणागती घडवून आणली ती टॉमस ग्रँथम नावाच्या जहाजाच्या कप्तानाने, जानेवारी १६७७ मध्ये. वेस्ट पॉइंट येथे सुमारे ४०० गोरे व काळे शस्त्रधारी त्याला आढळले. माफी व स्वातंत्र्य यांची आश्वासने देऊन त्याने बहुतेकांस घरी पाठविले. ८० काळे व २० इंग्रज शस्त्रे टाकण्यास तयार होईनात. त्यांना सुरक्षित ठिकाणी पोचविण्याच्या मिषाने त्याने एका गलबतावर चढविले आणि आपल्या जहाजाच्या तोफांच्या माऱ्यात आणून धन्यांच्या स्वाधीन केले. हाच ग्रँथम पुढे सर टॉमस होऊन १६८४ मध्ये मुंबईस आला. कॅप्टन रिचर्ड केजविन याने डिसेंबर १६८३ मध्ये कंपनीच्या काटकसरीस व पगारकपातीस कंटाळलेल्या शिबंदीच्या बळावर मुंबईचा कारभार राजाच्या नावाने हाती घेतला होता आणि छत्रपती संभाजी महाराजांशी स्वतंत्रपणे करारही केला होता. नोव्हेंबर १६८४ मध्ये सर्वांस माफी या अटीवर केजविनने किल्ला ग्रँथमच्या हवाली केला. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेला हा गृहस्थ सात वर्षांपूर्वी यॉर्क नदीवर तेच काम करून आला होता, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. दोन्ही बंडांत राजाच्या नावाने राजाच्या सनदधारकांविरुद्ध उठाव झाला हे साम्य खरे. परंतु मुंबईत माफीचे वचन पाळले गेले आणि व्हर्जिनियात परतलेल्या बर्कलीने २३ जणांना फासावर चढविले, हा भेदही ध्यानात ठेवला पाहिजे. राजाने हजाराहून अधिक सैन्य पाठविले तेव्हा लढण्यास कोणी उरले नव्हते. बर्कलीला परत बोलावण्यात आले. जुलै १६७७ मध्ये राजाची भेट होण्यापूर्वीच तो लंडनला वारला.

या बंडाच्या अर्थाविषयी इतिहासकारांत एकमत झालेले नाही. टॉमस जेफर्सनच्या काळापासून बेकनला स्वातंत्र्ययुद्धाचा पूर्वसूरी मानण्याची प्रथा पडली. वर्टनबेकर याने १९४० मध्ये त्याला क्रांतीचा मशालजी ठरविले. विल्कोम वॉशबर्न याने १९५७ मध्ये याच्या उलट मांडणी केली: गव्हर्नर हा संयमी, आणि बेकन हा जमातींच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या आक्रमकांचा म्होरक्या. वॉशबर्नने मूळ रहिवाशांना इतिहासात पुन्हा जागा दिली हे त्याचे श्रेय मोठे आहे. पण बर्कलीची बाजू घेताना काउंट्यांच्या गाऱ्हाण्यांचे वजन त्याने कमी लेखले, असे म्हणावे लागते. एडमंड मॉर्गन याने १९७५ मध्ये प्रश्नच बदलला. गरीब गोरे आणि काळे गुलाम एकत्र शस्त्र धरतात हे पाहून जमीनदारांनी करारबद्ध सेवकांऐवजी आयुष्यभराचे आफ्रिकी गुलाम वापरण्यास प्रारंभ केला, आणि गरीब गोऱ्यांना वर्णाभिमानाच्या धाग्याने आपल्याशी बांधून घेतले, असा त्याच्या ग्रंथाचा निष्कर्ष सामान्यतः सांगितला जातो. मॉर्गन स्वतः इतके सरळ विधान करीत नाही. इंग्लंडमधून येणाऱ्या सेवकांचा ओघ १६६० नंतर आटू लागला होता, मृत्यूचे प्रमाण घटल्याने आजन्म गुलाम विकत घेणे आता परवडू लागले होते, आणि आफ्रिकेच्या व्यापारावरील एका कंपनीचा मक्ता १६९८ मध्ये उठल्यावर आयात झपाट्याने वाढली. गुलामीस वर्णाचे रूप देणारे कायदेही बंडापूर्वीचे आहेत: मूल आईची स्थिती घेईल हा १६६२ चा आणि बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही हा १६६७ चा. तेव्हा बंडाने ही दिशा ठरविली नाही. ज्या दिशेने पावले पडतच होती तिकडे ती अधिक निःशंकपणे पडू लागली, इतकेच म्हणता येईल. १७०५ च्या संहितेत ही सर्व बंधने एकत्र झाली.

कारणांपैकी दूर काय झाले? तंबाखूचा भाव वर आला नाही. १६८२ च्या मे महिन्यात ग्लॉस्टर व शेजारच्या काउंट्यांत लोकांनी रात्री टोळ्या करून शेतांतील तंबाखूची रोपेच उपटली, अतिरिक्त उत्पादनावर त्यांना सुचलेला हा एकच उपाय होता. डोईपट्टी चालूच राहिली. जूनमधील कायदे राजाज्ञेने रद्द झाले. पुढील काही सभांनी त्यांतील थोडे पुन्हा केले, परंतु भूमिहीनांचा मताधिकार मात्र परत आला नाही.

२९ मे १६७७ रोजी मिडल प्लँटेशन येथे झालेल्या तहावर राणी कोकाकोएस्कीने सही केली. तिच्या जमातीच्या जमिनी तिच्याकडे राहिल्या. त्यांचा खंड म्हणून दरवर्षी तीन बाण आणि खंडणी म्हणून वीस बीव्हरची कातडी गव्हर्नरला द्यावयाची असे ठरले. बीव्हर पुढे दुर्मिळ झाले. परंतु पमंकी व मॅटापोनाय जमातींचे प्रमुख आजही दरवर्षी नोव्हेंबरात रिचमंड येथे व्हर्जिनियाच्या गव्हर्नरच्या निवासस्थानी जाऊन, बहुधा शिकार केलेले हरीण, त्या तहाची खंडणी म्हणून देतात.